सेनापती बदलण्याचा हक्क आणि त्याचा हिशेब

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘लढाईच्या काळात सेनापतीला हात लावू नये, पुढाऱ्यांनी लष्करात नाक खुपसू नये’ अशा आशयाची पत्रे आपल्या वाचकांच्या सदरात अलीकडे वाचायला मिळाली. आमच्या पेठेतल्या कट्ट्यावरही सकाळी पेपर उघडला की हाच सूर लागतो. सैनिक टाकळीसारख्या गावात, जिथे घरटी एक माणूस फौजेत, तिथे असे कुणी म्हणाले तर त्यामागची कळकळ समजते. तरीही हे म्हणणे मला पटत नाही, आणि कोल्हापूरकराने तर ते मुळीच पटवून घेऊ नये.

1666 च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी पन्हाळ्यावर घातलेला छापा फसला. नेताजी पालकर वेळेवर पोचले नाहीत. प्रतिशिवाजी म्हणून ज्यांची ख्याती, त्यांची सरनोबती महाराजांनी काढून घेतली. समोर आदिलशाही, पाठीशी मिर्झाराजे, अशी ऐन धामधूम चालू होती. नेताजी शत्रूला जाऊन मिळाले, म्हणजे निर्णय स्वस्तात पडला नाही. पण सेनापती कोणी राहायचे हे सेनापतीने ठरवायचे नसते, हे या मातीला तेव्हापासून ठाऊक आहे.

मात्र महाराज स्वतः घोड्यावर बसणारे होते. आजचा मंत्री निवडून आलेला असतो. लढाई त्याला कळतेच असे नाही, तरी सेनापती नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार त्याच्याच सरकारचा, आणि तो तसाच राहिला पाहिजे. शेजारच्या पाकिस्तानात हे उलटे झाले की काय होते ते आपण 1958 पासून बघतोच आहोत. माझी तक्रार अधिकाराबद्दल नाही. तो वापरणाऱ्याने हिशेब द्यायचा की नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

यासाठी कोल्हापूरच्याच लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरातांची आठवण काढायला हवी. 1945 साली ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळवलेला हा माणूस पुढे पूर्व विभागाचा प्रमुख झाला. 1960 च्या मार्चमध्ये लखनौला त्यांनी ‘लाल किला’ नावाचा सराव घेतला. चीन नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, कसा उतरेल, आपल्या पुढच्या चौक्या किती तग धरतील, अडवायचे तर कुठे अडवायचे, हे सगळे त्यांनी वरिष्ठांपुढे मांडले. दिल्लीत त्याची दखल कोणी घेतली नाही. तेव्हाचे सरसेनापती जनरल थिमय्यांनी आपल्यामागे सरसेनापती म्हणून थोरातांचे नाव सुचवले होते; नेमणूक झाली जनरल थापर यांची, आणि 1961 च्या मे महिन्यात थोरात निवृत्त झाले. थापर सेवाज्येष्ठ होते, तेव्हा नियमात बसणारी ही निवड होती. आपला माणूस डावलला म्हणून मी गळा काढत नाही. नावडता इशारा देणाऱ्याला बाजूला बसू द्यायची जी सवय तेव्हा लागली, ती पुढच्या वर्षी महागात पडली.

1962 च्या सप्टेंबरमध्ये 33 व्या कोअरचे (काही डिव्हिजनांच्या मोठ्या फौजेचे) प्रमुख जनरल उमरावसिंग सांगत होते की रसद आणि दारूगोळा जमा झाल्याशिवाय नेफाच्या सीमेवरच्या थागला डोंगरावर चढाई करता येणार नाही. ते खरेच होते. नामका चू नाल्याकाठी आपले जवान सुती कपड्यांत, माणशी पन्नास गोळ्या घेऊन बसले होते. तरी नेफाची जबाबदारी उमरावसिंगांकडून काढली आणि नवी चौथी कोअर उभी करून ती जनरल बी. एम. कौल यांच्याकडे दिली. कौल पंतप्रधान पंडित नेहरूंच्या विश्वासातले. रणांगणावर पायदळ लढवल्याचा अनुभव मात्र गाठीशी नव्हता. पंधरा दिवसांत ते आजारी पडून दिल्लीला परतले आणि अंथरुणावरून कोअर चालवू लागले. 20 ऑक्टोबरला चिनी हल्ला झाला. मग कौल यांच्या जागी जनरल हरबक्षसिंगांना धाडले, आणि चार-पाच दिवसांत पुन्हा कौलच परत! नोव्हेंबरात नेफातली सेला आणि बोमडिला ही ठाणी हातची गेली.

युद्धात सेनापती बदलल्यामुळे आपण हरलो, असा निष्कर्ष यातून काही जण काढतात. तसे असते तर 1965 सालचे काय? लाहोर आघाडीवर 15 व्या डिव्हिजनचे मेजर जनरल निरंजन प्रसाद यांना युद्धाच्या दुसऱ्याच दिवशी दूर केले. पण ते केले हरबक्षसिंगांनी, म्हणजे त्यांच्या वरच्या लष्करी अधिकाऱ्याने, कामगिरी बघून. आपल्याच राजाराम कॉलेजात शिकलेले संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण डिव्हिजन कोणी चालवायची यात पडले नाहीत. अध्यक्ष ट्रुमन यांनी 1951 साली कोरियाच्या युद्धात आपले सेनापती जनरल मॅकआर्थर यांना काढले तेव्हाही अमेरिकेत गहजब झाला. पण तिथल्या संसदेने सुनावण्या घेतल्या, सेनाप्रमुखांच्या साक्षी झाल्या.

आपल्याकडे 1962 नंतर संरक्षणमंत्री कृष्ण मेनन गेले, थापर गेले, कौल गेले. जाणारे गेले, पण त्यांना नेमणाऱ्यांनी काय विचार केला होता, हे लोकांना कोणी सांगितले नाही. हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या लष्करी अधिकाऱ्यांनी 1963 साली त्या पराभवावर अहवाल दिला. त्यांची चौकशी लष्कराच्या कामगिरीपुरती बांधलेली होती, सरकारचे निर्णय तिच्या कक्षेबाहेर. तोही सरकारने आजतागायत अधिकृतपणे खुला केलेला नाही. 2010 साली संसदेत उत्तर मिळाले की मजकूर अजून संवेदनशील आहे. 2014 साली त्यातला बराचसा भाग एका परदेशी पत्रकाराने इंटरनेटवर टाकला, तरी आपले कुलूप तसेच!

तेव्हा कोल्हापूर आणि हातकणंगले या दोन्ही मतदारसंघांच्या खासदारांना, पक्ष कोणताही असो, माझी विनंती आहे. येत्या अधिवेशनात हा अहवाल खुला करण्याबद्दल लेखी प्रश्न विचारावा, आणि त्याला जोडून 1961 सालच्या सरसेनापतीच्या नेमणुकीची फाइलही मागावी. उत्तर येईल ते आपण आपल्या अंकात छापावे, ‘संवेदनशील’ असे एका ओळीचे असले तरी.

आपला,
एक नियमित वाचक
शिवाजी पेठ, कोल्हापूर