बोर्ड काढला, पण ग्राहक किती चालतील?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या मानेवाडा भागातल्या एका लेआऊटमध्ये आमची फ्लॅट स्कीम आहे. तळमजल्यावरच्या आमच्या घरात मी 19 वर्षांपासून ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. एकदा माप, आठ दिवसांनी ट्रायल, आणि बाही सैल निघाली तर तिसरी चक्कर. केक, लोणची, सांबारवडी ॲपवरून घरपोच जाते. ब्लाउजच्या मापाला मात्र बाईलाच यावं लागतं. हे आधीच सांगते, कारण गाऱ्हाणं सगळं या येण्याजाण्याचंच आहे.

मागच्या लग्नसराईत एका शनिवारी एकाच वेळी पाच जणी आल्या. पाच ॲक्टिव्हा गेटसमोर आडव्या. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना नेमकं तेव्हाच डॉक्टरकडे जायचं होतं आणि त्यांची कार निघेना. मी गळ्यात टेप तशीच ठेवून बाहेर धावले, एकेकीला गाडी काढायला लावली. त्यात दहा मिनिटं गेली. चूक माझी होती, मी तिथंच माफी मागितली. काका "असू दे ताई" म्हणाले. पण सोमवारी बिल्डिंगच्या ग्रुपवर प्रश्न आलाच : निवासी इमारतीत धंदा कसा काय चालतो?

प्रश्न रास्त होता, म्हणून मीच उत्तर शोधायला निघाले. तीन ठिकाणी विचारलं, तीन उत्तरं मिळाली. एकाच्या मते घरी ग्राहक यायलाच नको. दुसरा म्हणाला, दोन-चार आले तर कोण बघतं. तिसऱ्यानं सांगितलं, शेजाऱ्यांची एनओसी आणा, मग पाहू. नियम दाखवा म्हटलं, तर कोणी दाखवला नाही.

शेवटी पुतण्यानं मोबाईलवर नियमावली काढून दिली. मुंबई आणि काही भाग सोडून जवळपास सगळ्या महाराष्ट्राला डिसेंबर 2020 पासून एकच एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आहे, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. नागपूरही तिच्यातच येतं. रहिवासी भागात घरगुती व्यवसायाला तिच्यात चक्क परवानगी आहे, आणि उदाहरण म्हणून शिवणकाम, भरतकाम लिहिलेलं आहे. वाचून बरं वाटलं. मग अटी वाचल्या. काम घरच्याच माणसांनी करायचं, पगारी माणूस ठेवायचा नाही. घरात तयार होईल तेच विकायचं. डबा देता येईल, पण घरात पंगत मांडून गिऱ्हाईक जेवू घालता येणार नाही. मोटर वापरली तर भार 0.75 किलोवॅटच्या आत हवा. आणि आत व्यवसाय चालतो हे बाहेरून दिसेल असं काही लावायचं नाही.

0.75 किलोवॅट म्हणजे साधारण एक हॉर्सपॉवर, घरगुती आटाचक्कीची मोटर असते तेवढी. माझ्या दोन्ही मशीन मिळून त्याच्या पाव हिश्शालाही पोचत नाहीत. इस्त्री तेवढी हजार वॅटची, पण तिला मोटर नाही, म्हणून ती सुटली असं मी धरून चालते! पगारी माणसाच्या अटीवर मात्र मी अडखळले. हुक-काज करायला गल्लीतली एक मुलगी माझ्याकडून ब्लाउज घरी नेते आणि नगावर पैसे घेते. ती कामगार की शेजारीण, हे कोणी मला सांगावं.

बोर्ड मी त्याच दिवशी काढला. खिडकीच्या ग्रिलला वीतभर पत्रा होता, त्यावर 'ब्लाउज, फॉल-पिको' एवढंच लिहिलेलं. त्यानं शेजाऱ्यांचा त्रास कमी होईल असं वाटलं होतं, झालं उलटंच. नवीन बायका आता कुठलीही बेल वाजवतात. पहिल्या मजल्यावरच्या काकू दुपारी जरा आडव्या झाल्या की यांची बेल. "ब्लाउजवाल्या ताई इथंच राहतात का?" पूर्वी त्रास गेटपर्यंत होता, आता जिना चढून वर गेला.

एवढ्या सगळ्या अटींमध्ये ज्या गोष्टीवरून भांडण होतं, तिचा आकडा कुठंच नाही. दिवसाला किती ग्राहक चालतील, एका वेळी किती, किती वाजेपर्यंत, त्यांनी गाड्या कुठं लावायच्या, यावर नियम गप्प आहे. मोटर किती, हे दशांशापर्यंत मोजलं. दारात येणारी माणसं मोजली नाहीत. मग शेजाऱ्याचा त्या दिवशीचा मूड हाच नियम होऊन बसतो. ज्याच्याशी पटतं त्याला पन्नास जणी आलेल्या दिसत नाहीत, ज्याच्याशी पटत नाही त्याला तीनही खुपतात.

विजेच्या बाबतीत हे कोडं केव्हाच सुटलं आहे. राहत्या घराच्या एका भागात छोटा व्यवसाय असेल, महिन्याचा वापर 300 युनिटच्या आत असेल आणि आधीच्या आर्थिक वर्षात 3600 युनिटच्या आत असेल, तर घरगुती दरच लागतो. वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात हे आहे. कोणी आलं तर मी बिल पुढे करते, विषय संपतो.

शेजाऱ्यांची भीती मला कळत नाही असं नाही. धंतोली आपल्या डोळ्यांसमोर आहे. बंगल्यांची, शांत गल्ल्यांची वस्ती होती. एकेक करत दवाखाने आले आणि पार्किंगसाठी रहिवाशांना हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जावं लागलं. आज शिलाई मशीन, उद्या दुकान, परवा आणखी काही, असं माझ्या बिल्डिंगमधल्या लोकांना वाटत असेल तर त्यांना वेडं म्हणता येणार नाही. पण पन्नास रुग्णांची ओपीडी आणि माझ्या दिवसाच्या आठ बायका यांना एकाच मापानं कसं मोजायचं? शिवाय डॉक्टर-वकिलांकडे माणसं येणार, हे सगळ्यांनी धरलेलंच असतं. त्यांच्या दारावर पितळी पाटी शोभते. शिवणारणीच्या दारातल्या चपला तेवढ्या डोळ्यांत भरतात.

अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात घरगुती व्यवसायाकडे ग्राहक येण्यालाच बंदी होती. घरात केस कापणारी एक बाई आणि घरात रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवणारा एक जण कोर्टात गेले. पुढे 2020 मध्ये तिथल्या नगर परिषदेनं दिवसाला सहा ग्राहकांना मोकळीक दिली. सहा मला पुरायचे नाहीत, मे महिन्यात तर मुळीच नाहीत. पण आकडा तरी आहे! तो वाढवून मागता येतो, मोडला तर जाब विचारता येतो.

नागपूर महापालिकेत मार्च 2022 नंतर जवळपास चार वर्षं प्रशासकांचा कारभार होता, नगरसेवकाला भेटावं म्हटलं तर नगरसेवकच नव्हते. आता नवं सभागृह आलं आहे. नियमावली राज्याची आहे हे मान्य, पण सभागृहानं ठराव करून सरकारकडे दुरुस्ती मागायला काय हरकत आहे? माझं मागणं मोठं नाही. वेळ ठरवून ग्राहक बोलवावेत, एका वेळी दोन किंवा तीनच, सकाळी दहा ते संध्याकाळी सात. गाड्या आपल्याच कंपाऊंडच्या भिंतीलगत, दुसऱ्याच्या गेटसमोर एकही नाही. पहिल्या तक्रारीला समज, दुसरीला दंड. आणि नावाच्या पाटीवर कामाचं नाव लिहिण्याएवढी जागा द्यावी. लग्नसराईतल्या त्या शनिवारनंतर मी वही घातली आहे, प्रत्येकीला अर्ध्या तासाची वेळ देते. काकांची कार त्यानंतर एकदाही अडली नाही. पण उद्या काका फ्लॅट विकून गेले आणि नवीन कोणी आलं, तर वही दाखवून काय उपयोग?

तोवर काकूंच्या बेलशेजारी मी त्यांना विचारून एक चिठ्ठी चिकटवली आहे : 'ब्लाउज खाली.' ती जिन्यात आहे, रस्त्यावरून दिसत नाही. तरीही नियमात बसत नसेल तर संबंधितांनी कळवावं, काढून टाकेन.

आपली,
घरी शिवणकाम करणारी एक वाचक,
मानेवाडा, नागपूर