ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात रात्रीचा पारा छापा, हिवाळ्यात दुपारचा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. मे महिना आला की तीच हेडलाईन, ग्वाल्हेर तापलं, पारा पंचेचाळीसच्या वर, आणि कारण म्हणून खाली एक ओळ की राजस्थानातून गरम वारे येतायत. खोटं नाही ते, लू तिकडूनच येते, दुपारी आमच्या लष्कर भागातून स्कूटरवर निघा म्हणजे कळेल. पण सगळं राजस्थानच्या नावावर टाकलं तर जानेवारीत पारा पाचाच्याही खाली उतरतो ते कुणाच्या नावावर लिहायचं?

पुण्याची माझी मामेबहीण फोनवर विचारते, अगं तुमच्याकडे नक्की असतं तरी काय, ऊन की थंडी? दोन्ही असतं बाई, आणि मूळ एकच, समुद्र लांब. पाणी सावकाश तापतं नि सावकाश निवतं, जमिनीला तेवढा दम नाही. मुंबईला समुद्र सांभाळून घेतो, तिथे जानेवारी आणि मे यांच्या सरासरीत सहा-सात डिग्रीचा फरक, आमच्याकडे तोच अठरा-वीसच्या घरात जातो. म्हणून आमच्या माळ्यावर कूलर नाहीतर रजया, काहीतरी एक कायम चढलेलंच असतं. कूलर तरी कसा, मेच्या कोरड्या हवेत मस्त चालतो आणि जूनअखेर बंगालच्या उपसागराकडून दमट हवा आली की नुसता आवाज करतो.

इंदूरची मंडळी मालव्याच्या गार रात्रींचं कौतुक ऐकवतात. ऐकून घेतो, काय करणार, ते साडेपाचशे मीटरवर पठारावर बसलेत, आम्ही दोनशे मीटरवर खाली, उंचीनेच दोन डिग्री तरी गेले. शिवाय ते कर्कवृत्ताच्या खाली नि आपण वर, म्हणजे डिसेंबरात सूर्य आपल्याकडे आणखी तिरका, दिवस आणखी लहान आणि उत्तरेकडून वाऱ्याला अडवायला हिमालयापासून इथपर्यंत मोठं असं काही नाहीच, सपाट मैदान. तिकडून धुकंही येतं, दिल्लीच्या गाड्या लेट. याच दिवसांत पश्चिमी विक्षोभ (भूमध्य समुद्राकडून येणारा ढगा-पावसाचा पट्टा) आला की पाऊस पडतो, महाराष्ट्रात अवकाळी म्हटलं की लोक कपाळाला हात लावतात, इथे मुरैना-भिंडकडे गहू-मोहरीला तोच पाऊस बेताने पडला तर हवाच असतो (गारा नकोत).

आता मुद्द्यावर येते. तुम्ही उन्हाळ्यात दुपारचा कमाल मोठ्या अक्षरात छापता आणि हिवाळ्यात पहाटेचा किमान. उलट करा ना. मेच्या दुपारी आम्ही पडदे ओढून घरात असतो, जीव जातो तो रात्री, पारा तिशीच्या खाली यायला तयार नाही, गच्चीचा दगड अकरा वाजताही गरम, पंखा गरम वारा फेकतो. आणि जानेवारीत पहाटे आम्ही रजईत असतो, किमान आठ असो की पाच, काय फरक पडतो, पण धुक्याने ऊन अडवलं आणि दुपारीसुद्धा पारा चौदाच्या वर गेला नाही की म्हाताऱ्या माणसांचे सांधे धरतात, कपडे वाळत नाहीत, अंघोळीला बोलावलं की मुलं लपतात. त्या दिवशी तुमच्या पेपरात मात्र "थंडीत किंचित घट", कारण किमान दोन डिग्रीने वाढलेलं! धुक्यामुळे रात्रीची उष्णता वर निसटत नाही म्हणून ते वाढतं, थंडी कमी झाली म्हणून नव्हे.

दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले तरी चालेल, जागा फार लागणार नाही.

एक वाचक,
लष्कर, ग्वाल्हेर