पाहुण्यांच्या बिअरमध्ये हॉप्स कोणते घालावेत?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरच्या पार्टीच्या खाण्यापिण्यावर लेख आला होता. त्यात बिअरच्या वाट्याला दोनच परिच्छेद आलेत. लेखकाचा सल्ला असा, की पाहुणे नाना तऱ्हेचे असतील तर सगळ्यांत पांचट, हॉप्सचा मागमूस नसलेली बिअर आणावी, म्हणजे कोणाची तक्रार येत नाही. तक्रार येत नाही हे खरं, पण दुसरा ग्लासही कोणी मागत नाही. शिवाय हॉप्स हे ‘एक प्रकारचं कडू धान्य’ असल्याचं त्यात म्हटलंय. धान्य बार्लीचं. हॉप्स ही वेलीची फुलं आहेत, तीही फक्त मादी वेलीची, आणि कडूपणा हे त्यांचं अर्धंच काम.

मी मूळचा सांगलीचा. आता अमेरिकेत ओरेगन राज्यात, पोर्टलंडच्या पश्चिमेला हिल्सबरो गावी राहतो. संगणकाच्या चिपच्या कारखान्यात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये बिअर गाळतो. इथे त्याला कायद्याची आडकाठी नाही. जिमी कार्टर यांनी १९७८ साली सही केलेल्या कायद्यानुसार घरात दोन प्रौढ माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर बिअर करमुक्त करता येते. विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा तिथे गुन्हा आहे. तेव्हा हे पत्र वाचून कोणी बादली शोधायला माळ्यावर चढू नये. पण पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअरीज आहेत, तिथे ताजी बिअर पिणारे वाचक आपल्याकडे भरपूर असणार. ग्लासात काय आहे ते त्यांना नीट कळावं एवढाच माझा हेतू.

गेल्या जूनमध्ये मुलीचं ग्रॅज्युएशन झालं, त्यानिमित्त मागच्या अंगणात जेवण ठेवलं होतं. पाहुणे कोण? नागपूरहून आलेले बायकोचे मामा, ज्यांच्या लेखी बाटलीवर ‘स्ट्राँग’ लिहिलेलं नसेल तर ते सरबत. शेजारचे निवृत्त ट्रकचालक, जे वर्षानुवर्षं एकाच कंपनीची हलकी लागर बिअर पितात. ऑफिसातली तरुण पोरं, ज्यांना गढूळ आणि जहाल आयपीएशिवाय (इंडिया पेल एल, म्हणजे सढळ हाताने हॉप्स घातलेली कडू बिअर) काही चालत नाही. मेहुणी वाइनवाली. मुलीच्या मैत्रिणी, एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या, पण बिअर म्हटलं की नाक मुरडणाऱ्या. न घेणाऱ्यांसाठी कोकम सरबत होतंच, आणि ते सगळ्यात आधी संपलं, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

अशा जमावासाठी हॉप्स निवडताना सगळ्यांच्या आवडीची सरासरी काढायला गेलात की फसलात. नवशिके नेमकं तेच करतात. याच्यासाठी थोडं हे, त्याच्यासाठी थोडं ते, असं करत पाच जातींचे हॉप्स एका पातेल्यात. त्यातून कुठलाच वास धड येत नाही. माझं म्हणणं असं, की कडूपणा आणि सुगंध हे दोन हिशेब वेगळे मांडावेत. मिश्र मंडळींसाठी पहिल्यात हात आखडता घ्यावा, दुसऱ्यात अजिबात नाही.

हे दोन हिशेब वेगळे कसे, ते सांगतो. हॉप्सच्या फुलाची पाकळी उलगडली की तळाशी पिवळीधमक, चिकट भुकटी दिसते. तिला ल्युप्युलिन म्हणतात. बोटाला लागली की साबणाने धुतल्यावरही वास रेंगाळतो. तिच्यात अल्फा आम्लं असतात आणि सुगंधी तेलं असतात. अल्फा आम्लं तशीच पाण्यात विरघळत नाहीत. माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या, गोड पाण्यात तासभर खळखळून उकळली की त्यांचं रूप बदलतं, ती विरघळतात आणि बिअर कडू होते. तेलांचं उलट. तासभराच्या उकळीत ती वाफेबरोबर उडून जातात. कोथिंबीर आमटीत सुरुवातीपासून शिजवली आणि वरून भुरभुरली, यात जो फरक तोच इथे. म्हणून सुरुवातीला पडलेले हॉप्स कडूपणासाठी, आणि आच बंद करताना किंवा आंबवण संपत आल्यावर टाकलेले वासासाठी.

सुरुवातीच्या हॉप्सची जात कुठली, याला फारसं महत्त्व नाही. मी मॅग्नम वापरतो. त्यात बारा-तेरा टक्के अल्फा आम्ल असतं, थोडक्यात काम भागतं, आणि त्याचा कडूपणा स्वच्छ असतो, घशात खरवडत नाही. १९ लिटरला १० ग्रॅम पुरतात. नंतरचे सुगंधी हॉप्स थोडी भर घालतात ती धरून मोजमाप बावीस ते पंचवीस आयबीयूच्या घरात जातं. हे आयबीयू म्हणजे ढोबळमानाने एका लिटरमागे किती मिलिग्रॅम कडू द्रव्य उतरलं त्याचा आकडा. भारतातल्या रोजच्या लागरपेक्षा हे जास्त आहे, आमच्या ऑफिसातल्या पोरांच्या आयपीएच्या मानाने निम्म्याहून कमी. त्याहून खाली गेलं तर माल्टचा गोडवा उघडा पडतो आणि बिअर मिळमिळीत लागते.

कडूपणा आवरण्याचं आणखी एक कारण खास आपल्या घरांतलं आहे. जेवायला कोल्हापुरी सुकं, मिरचीची भजी आणि खर्डा असताना जहाल आयपीए दिली की तिखट आणि कडू एकमेकांना चढवतात. तोंडाची आग विझवायला माणूस घोट घेतो आणि आग आणखी भडकते. इथल्या बिअरच्या पुस्तकांत तिखट जेवणाबरोबर आयपीए घ्या असं सर्रास लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्यांनी सांगलीच्या आईच्या हातचा खर्डा खाल्लेला नसावा.

आता सुगंधाची जात. इथे मी कॅस्केड घेतला. तो आमच्याच राज्यातला, कॉर्व्हॅलिस गावच्या सरकारी संशोधन कार्यक्रमातून १९७२ साली बाहेर आलेला. त्याच्या वंशावळीत इंग्लंडचा फगल आहे आणि रशियाचा सेरेब्रिआंकाही. वास पपनसाच्या सालीचा, मागून थोडा फुलांचा. बिअर न आवडणाऱ्यालाही हा वास ओळखीचा वाटतो, आणि मुरलेल्या पिणाऱ्याला तो बाळबोध वाटत नाही. ३० ग्रॅम शेवटची पाच मिनिटं राहिली असताना, आणि ४० ग्रॅम आच बंद करून पातेलं ऐंशी अंशांपर्यंत उतरल्यावर वीस मिनिटं. ऐंशीच्या खाली अल्फा आम्लं फारशी बदलत नाहीत आणि तेलं टिकतात, म्हणून हे थांबणं.

नवे हॉप्स जास्त झगमगीत आहेत, हे कबूल. सिट्रामध्ये आंबा-लिची, मोझेइकमध्ये जांभळट फळांचा वास. न्यूझीलंडचा नेल्सन सॉव्हिन पांढऱ्या वाइनची आठवण करून देतो, वाइनवाल्यांना बिअरकडे वळवायला तो उत्तम. पण काही जातींपासून मराठी पंगतीत सावध राहावं. सोराची एस नावाचा जपानी वंशाचा हॉप आहे, त्याला लिंबाबरोबर चक्क शेपूचा वास येतो. शेपूवरून आपल्याकडे घरं दुभंगलेली आहेत, त्यात बिअरची भर नको. समिट नावाचा हॉप कधीकधी कांदा-लसणाकडे झुकतो. चातुर्मासात पंचाईत व्हायची. साब्रोला नारळाचा वास आहे. तो मला वाटलं कोकणातल्या मंडळींना आवडेल, पण रत्नागिरीच्या एका मित्राने ग्लास हुंगून ‘केसांना लावायचं काय हे?’ असं विचारलं, त्यानंतर तो विषय मी काढत नाही.

जर्मनीचा हालरटाऊ मिटेलफ्र्यू आणि चेक देशातला झाट्स हे दोघे सभ्य घरातले. गवताचा, मिरीचा, हलका फुलांचा वास. कोणालाही खुपत नाहीत. फक्त पाहुण्यांना आवडावं एवढंच बघायचं असेल तर हेच घ्यावेत, असं इथले जाणते सांगतात. मला ते पटत नाही. या हॉप्सची मजा पिणाऱ्याने दोन क्षण थांबून ग्लास हुंगण्यात आहे. अंगणात मुलं कारंजातून पळताहेत, भजी गरम येताहेत, अशा वेळी कोण थांबतं? पार्टीत वास चालत नाकाशी यावा लागतो.

ऑफिसातल्या पोरांची सोय वेगळी केली, पण वेगळी बिअर करून नव्हे. मोठ्या पातेल्यात ३८ लिटर एकदमच उकळली (हॉप्स अर्थात दुप्पट) आणि आंबायला ठेवताना दोन बरण्यांत निम्मी निम्मी केली. एक तशीच ठेवली. दुसरीचं आंबवण संपत आल्यावर तिच्यात ६० ग्रॅम सिट्रा कोरडाच टाकला आणि तीन दिवसांनी बिअर वरच्यावर काढून घेतली. उष्णता नसल्यामुळे कडूपणा फारसा वाढत नाही, वास मात्र खोलीभर. एका दिवसाच्या कष्टात दोन बिअर, आणि दोन्हींत साडेचार-पावणेपाच टक्केच मद्य, त्यामुळे उन्हात उभ्या पाहुण्यांची गाडी रुळावर राहते. कोरडे हॉप्स टाकलेली बिअर मात्र मुरवत ठेवू नये. तिचा वास आठवड्यागणिक उतरतो, म्हणून समारंभाची तारीख बघून उलटे दिवस मोजायचे.

मामांनी पहिल्या बरणीतली घेतली. घोट घेऊन म्हणाले, ‘जावईबापू, यात संत्र्याचं साल किसून टाकलंत ना?’ मी म्हटलं, मामा, एक फोडसुद्धा नाही, हा फुलांचा वास आहे. त्यांना ते अजून पटलेलं नाही. नागपूरच्या माणसाला संत्रं ओळखायला मी शिकवावं, हेच त्यांना मंजूर नव्हतं. स्ट्राँगची आठवण त्यांनी एकदाच काढली. शेजाऱ्यांनी एक ग्लास संपवून आपली नेहमीची लागर उघडली, त्यात मला वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. आणि सिट्रावाली, पोरांसाठी राखलेली, सगळ्यात जास्त कोणी घेतली असेल तर मेहुणीने. ‘बायकांना गोड आणि सौम्य द्या’ हे आपल्या लेखातलं वाक्य तिला वाचून दाखवलं. तिचं उत्तर छापण्यासारखं नाही.

इथे हॉप्सचं गाव लांब नाही. सेंट पॉलच्या वाटेवर ऑगस्ट अखेरीस गेलात तर दोन्ही बाजूंना दोन पुरुष उंचीहूनही वर, साडेपाच मीटर उंच खांब, तारा, आणि तारांवरून लोंबणाऱ्या दोऱ्यांवर चढलेल्या वेली दिसतात. काढणी चालू असली की गाडीच्या काचा बंद असूनही वास आत येतो. ही थंड मुलखातली, उन्हाळ्यात लांब दिवस मागणारी वेल. म्हणून महाराष्ट्रात ती व्यापारी पिकासारखी येत नाही, भारतात हिमाचलमधल्या लाहौलच्या खोऱ्यात तिची शेती होते.

एक सूचना मात्र इथल्या मराठी वाचकांसाठी, कारण आपले बरेच लोक आता हा उद्योग करू लागलेत. पातेल्याच्या तळाशी उरलेला हॉप्सचा चोथा अंगणात, खताच्या खड्ड्यात टाकू नका, घरात कुत्रा असेल तर मुळीच नाही. चोथ्याला माल्टचा गोड वास येतो आणि कुत्रा तो खातो. हॉप्स कुत्र्याला विषारी आहेत. अंगातली उष्णता इतकी वाढते की जीव जातो. चोथा पिशवीत बांधून झाकणाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकावा. तसंच बाटल्या तपकिरी काचेच्याच घ्या आणि टेबलावर उन्हात मांडू नका. उजेडाने हॉप्समधलं कडू द्रव्य फुटतं आणि बिअरला घाणेरडा, इथल्या स्कंक प्राण्यासारखा वास येतो. हिरव्या आणि पारदर्शक बाटल्यांत हे फार लवकर होतं.

आता आपल्या पुरवणीकडे एक मागणी. मागच्या खेपेला पुण्यात आलो तेव्हा एका ठिकाणचा मेन्यू हातात आला. त्यावर मद्याची टक्केवारी होती, बिअरचं विनोदी नाव होतं, सोबत काय खावं तेही होतं, पण हॉप्स कोणते आणि आयबीयू किती, याचा पत्ता नव्हता. वेटरला विचारलं तर तो आत जाऊन विचारून आला आणि म्हणाला, ‘सर, इम्पोर्टेड आहेत.’ आपल्या वार्ताहराने शहरातल्या चार-पाच बिअर करणाऱ्यांना गाठून ते कुठले हॉप्स मागवतात, ते किती जुने असतात आणि फ्रीजरमध्ये ठेवतात का, एवढं विचारून छापावं. जुने, उघडे राहिलेले हॉप्स चीजसारखे वास मारतात. त्या बिअरचे साडेतीनशे रुपये देण्याआधी गिऱ्हाइकाला हे माहीत असायला हवं.

आपला,
एक वर्गणीदार वाचक
हिल्सबरो, ओरेगन (अमेरिका)