गोळीबद्दल लिहिणार नव्हते

नगर, रविवार दुपार

प्रिय चिऊ,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. भांडणाबद्दल काही लिहायचं नाही आणि तुझ्या फिटच्या गोळ्यांबद्दल तर मुळीच नाही, असं ठरवून बसले आहे.

आज उपासनेला माणसं बेताचीच होती. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं गीत घेतलं होतं, पण वरच्या सुराला तू नसलीस की भगिनी मंडळाची ओढाताण होते. पाळकसाहेबांनी दारात विचारलं, ‘चिऊ गेली का पुण्याला?’ गेली म्हटलं. मोठी आत्या मागेच उभी होती. तिने काही विचारलं नाही, म्हणजे तिला सगळं कळलेलं आहे.

घरी येऊन तुझ्या अंथरुणाची चादर काढली तर गादीखाली गोळ्यांची पट्टी सापडली. अख्खी. एकही गोळी फोडलेली नाही. म्हणजे जेवताना तू म्हणालीस ते नुसतं बोलणं नव्हतं.

घेतेस ना गं गोळी? बंद केली असशील तर कधीपासून?

देवाने मला बरं केलंय, आता गोळी घेणं म्हणजे अविश्वास, असं तू म्हणालीस आणि पप्पा ताटावरून उठले. मग म्हणालीस की या घरात विश्वास नाहीच, नुसता रिवाज आहे. प्रार्थनेचं आमेन होतं न होतं तोच भांडण सुरू. तुझं ते वाक्य पप्पांनी आतल्या खोलीतून ऐकलं.

आपल्या घरात आवाज चढतात, ते मी कशाला नाकारू? पप्पा प्रार्थनेतसुद्धा ‘प्रभू, या घरातल्यांना काटकसरीची बुद्धी दे’ म्हणायचे आणि माझा सगळा राग त्या आमेनमध्ये यायचा. पण तू ज्या गावात वाढलीस त्याच गावात टिळकांचा संसार झाला. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो 1900 मध्ये, स्वतःची खात्री पटल्यावर, नवऱ्याच्या मागे फरफटत नाही. त्या घरात रुसवे होते, टिळकांचा राग होता, हातात पैसा टिकत नव्हता. बाईंनी त्यातलं काही झाकून ठेवलं नाही, सगळं लिहिलं. आणि त्याच घरातून आलेली गीतं आपण अजून रविवारी उभं राहून म्हणतो. मला त्या बाईंबद्दल फार वाटतं. वादावादी झाली म्हणून त्या घरातून देव निघून गेला नाही.

पप्पांबद्दल तू बोललीस ते मात्र मला सोसलं नाही. तू नववीत होतीस. मैदानावर पडलीस, शाळेतून निरोप आला आणि ते सायकल रस्त्यात टाकून धावले. तिथे कुणी तुझ्या नाकाशी चप्पल धरली होती, कुणी मुठीत किल्ल्या कोंबत होतं आणि एक बाई म्हणत होत्या, बाहेरचं काहीतरी आहे, उतरवून घ्या. पप्पांनी सगळ्यांना बाजूला केलं, तुला कुशीवर वळवलं आणि अंगातला शर्ट काढून डोक्याखाली घातला. तोंडात काही घालू दिलं नाही. वॉर्डातल्या गोष्टी मी घरी सांगायची तेव्हा वर्तमानपत्रातून मान वर काढायचे नाहीत, मला वाटायचं ऐकतच नाहीत. त्या दिवशी भर रस्त्याने बनियनवर घरी आले, इस्त्रीशिवाय दारातसुद्धा उभा न राहणारा माणूस.

तेव्हापासून रात्री नऊचा गजर. ‘चिऊ, गोळी.’ घरात बोलणं बंद असलं तरी एवढे दोन शब्द ते बोलायचेच. मंडळीत उभं राहून त्यांना प्रार्थना करता येत नाही, जीभ अडते. तुमच्या संगतीतले, म्हणजे प्रार्थनेच्या गटातले, ब्रदर तासभर करतात, मी ऐकलंय, छान करतात. पण पगार लांबला तरी आधी तुझ्या पट्ट्या यायच्या आणि मग किराणा. याला तू रिवाज म्हण. मी म्हणणार नाही.

बायबलमधला मार्कचा नववा अध्याय तुमच्या संगतीत घेतला होता म्हणालीस. फिट येणारा मुलगा, येशूने बरा केलेला. तो अध्याय तुझ्या आजारपणात मी पाठ होईपर्यंत वाचला आहे. तुझं लक्ष त्या मुलाकडे जातं, माझं त्याच्या बापाकडे. बाप सांगतो, याला बाळपणापासून हे होतं, कितीदा विस्तवात पडला, कितीदा पाण्यात. म्हणजे दर वेळी त्या विस्तवातून आणि पाण्यातून त्यानेच ओढून काढलं असणार ना? आणि तो येशूला काय म्हणतो? माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एका दमात दोन्ही. जा, आधी विश्वास पुरा करून ये, असं येशू म्हणाला नाही. त्याच बापाच्या मुलाला त्याने हात धरून उठवलं. चिऊ, आपलं घर म्हणजे त्या माणसाचं घर आहे.

आणि याईराची मुलगी. मेलेली मुलगी उठवली आणि लगेच आईबापांना काय सांगितलं, तर हिला खायला द्या. एवढा मोठा चमत्कार झाल्यावरसुद्धा पुढचं काम आईच्याच हातात दिलं.

मी मिरजेला शिकले. वान्लेस साहेबांनी 1894 मध्ये उघडलेलं ते इस्पितळ. तो माणूस सुवार्ता सांगायला कॅनडाकडून इतक्या लांब आला आणि वर्षानुवर्षं ऑपरेशनं करत राहिला. आमच्या वेळी थिएटरमध्ये आधी प्रार्थना व्हायची, मग चाकू. प्रार्थना केली म्हणून कुणी हात धुवायचे राहिले नाहीत. पौलाबरोबर फिरणारा लूकसुद्धा वैद्यच होता, प्रिय वैद्य म्हणतो पौल त्याला.

वॉर्डात मी एक पोरगा पाहिला होता. घरच्यांनी गोळी एकदम बंद केलेली. एक फिट संपायच्या आत दुसरी, मध्ये शुद्धच नाही. पुढचं लिहीत नाही. गोळी कधीच सुटत नाही असं मी म्हणत नाही. काही वर्षं फिट आली नाही तर डॉक्टर तपासून, ईईजी म्हणजे मेंदूचा आलेख बघून हळूहळू कमी करतात, महिने लावून. तुझी फिट थांबली ती गोळीने की प्रार्थनेने, हे मला वेगळं काढायचंच नाही. देणारा एकच आहे.

बघ, पाठच द्यायला बसले. माफ कर. दादा म्हणतो, आई पत्र लिहिते म्हणजे संडेस्कूल भरवते.

तुझी संगती वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तुला डेंग्यू झाला तेव्हा डबे त्यांनीच आणले, ते मी विसरणार नाही. आणि तुझी प्रार्थना ऐकली की मला भरून येतं. आत्या म्हणाली, ही कुणाकडून शिकली? मला माहीत आहे कुणाकडून. तुझ्या आजीकडून, जी भाकरी थापताना प्रभूशी बोलायची आणि मधेच गड्याला हाक मारायची. फक्त एवढंच आहे की त्या मुलींनी तुला फिट येताना पाहिलेली नाही.

नोकरी सोडून पूर्ण वेळ सेवेला जायचं म्हणतेस. बोलावणं आलं असेल तर तुला अडवणारी मी कोण? पण लॅबमध्ये बाटल्यांवर नावं चिकटवण्यात आयुष्य जातंय, त्याला काही अर्थ नाही, असं म्हणालीस ते मनाला लागलं. ते नाव चुकलं तर काय होतं, हे तू मला सांगायला हवंस का? एका म्हाताऱ्या गृहस्थांची शुगर पटेना म्हणून ड्युटी संपल्यावर परत तपासलीस, फोनवर सहज सांगून गेलीस. मी ते मंडळीत किती जणांना सांगितलं असेल! तुझ्या रिपोर्टवर कुणाच्या तरी आईची गोळी ठरते, ती माणसं तुझ्यावर भरवसा ठेवून ती घेतात. येशूची नासरेथातली वर्षं सुतारकामात गेली, शुभवर्तमानात त्यांच्याबद्दल जवळजवळ काही नाही. त्याच्याही घरात सगळं गोड नव्हतं. योहान लिहितो की त्याचे भाऊच त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते. घरचे एकदा त्याला धरून न्यायला आले, याला भ्रम झालाय म्हणून. तरी क्रुसावरून त्याने आईची सोय आधी लावली.

होस्टेलच्या बाथरूमला आतून कडी आहे. लावू नकोस. मैत्रिणींना सांगून ठेव, लाज कसली त्यात? आपल्या बाथरूमला कडी नाही म्हणून तू किती चिडायचीस. दादाने मध्ये बसवली होती, ती पप्पांनी काढली, मी नाही. आणि डॉक्टर स्पष्ट हो म्हणत नाहीत तोवर गाडी चालवू नकोस. बसने जा.

दादा गुरुवारी कामाला पुण्याला येतोय. त्याच्याकडे चटणी, खपली गव्हाच्या कुरडया आणि पट्ट्या पाठवते. बरेच दिवस गोळी घेतली नसेल तर आपल्या मनाने एकदम सुरू करू नकोस, दोन-दोनही घेऊ नकोस. डॉक्टरांना आजच फोन कर, किती दिवस बंद होती ते खरं सांग, ते म्हणतील तसं घे. शनिवारी सकाळची त्यांची वेळ मिळाली आहे. वेळ पप्पांनीच घेतली, मला न विचारता. ते येणार आहेत. तुझ्याशी फार बोलतील असं नाही. त्यांचा राग मनाला लावून घेऊ नकोस, बाहेर बाकावर शेजारी बस म्हणजे झालं. डॉक्टरांना विश्वासाचंही मोकळेपणी सांग, ते ऐकून घेणारे आहेत.

आज रात्री नऊला मी फोन करणार नाही. पप्पा करतील. उचल.

तुझी,
आई