कला कार्यशाळा तालुक्यापुरत्याच का?

संपादक महोदय, स. न.

उन्हाळी सुट्टीत तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या दोन दिवसांच्या कला कार्यशाळेला मी मुलीला घेऊन गेलो होतो. रेखाटन, रंगकाम, कोलाज आणि शिल्प हे चारही विषय तेवढ्यात उरकण्यात आले. मुलीने शेतातल्या काळ्या मातीचा तान्ह्या पोळ्याला मुले मिरवतात तसा नंदी घडवला. परंतु ही माती वाळताना आकसते, तिला भेगा पडतात, म्हणून तिच्यात वाळू किंवा बारीक कुटार (भुसा) मिसळावे लागते, हे सांगायला कोणालाच सवड नसल्याने दुसऱ्या दिवशी सकाळी नंदीचे एक शिंग गळून पडलेले दिसले. कोलाजसाठी मुलांनी बियाण्यांची रिकामी पाकिटे कातरली, आणि माझ्या मते तेच काम सर्वांत जिवंत उतरले.

सेवाग्रामच्या बापू कुटीत गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी मातीच्या भिंतीवर उठावात घडवलेली ताडाची झाडे आजही पाहायला मिळतात. असा वारसा इतक्या जवळ असताना आमच्या मुलांचा चित्रकलेशी संबंध एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांपुरताच, तोही वाढीव गुणांसाठी, उरावा याचे वाईट वाटते.

आयोजकांना विनंती की, मे महिन्याच्या उन्हाऐवजी हिवाळ्यातील चार रविवार निवडावेत, दर रविवारी एकच विषय घ्यावा आणि गावातल्या शाळेतच वर्ग भरवावा. संध्याकाळची शेवटची एसटी गाठण्यासाठी ओले चित्र गुंडाळून धावणे मुलांना परवडत नाही.

– एक पालक, जि. वर्धा