उजनीचे हिरवे पाणी आणि न मोजलेले विष : पाणीपुरवठा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
पाणीपुरवठा व स्वच्छता विभाग, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

दर उन्हाळ्यात उजनी धरण ‘मायनस’मध्ये, म्हणजे वापरायोग्य साठा संपून मृतसाठ्यात, गेले की साठ्याच्या टक्केवारीची बातमी होते, उरलेले पाणी कसे आहे, हा प्रश्न मागेच राहतो. सुमारे ११७ टीएमसीच्या या जलाशयात जवळपास ६४ टीएमसी मृतसाठाच आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी पवना, इंद्रायणी, मुळा-मुठा यांच्यामार्फत भीमेत आणि पुढे इथेच येते. त्यातील फॉस्फरस व नायट्रोजनवर, संथ आणि तापलेल्या पाण्यात, नीलहरित शैवाल फोफावते. याच धरणावर सोलापूर शहराची तहान भागते.

गेल्या उन्हाळ्यात मी काठावरचे पाणी काचेच्या बरणीत पाऊण भरून आणले आणि रात्रभर न हलवता ठेवले. सकाळी खालचे पाणी बरेचसे निवळले होते आणि वर पोपटी रंगाची जाड साय धरली होती. साधे शेवाळ बहुधा तळाशी बसते. नीलहरित शैवालाच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असल्याने ते वर येते. अर्थात, त्यात विष आहे की नाही हे बरणी सांगत नाही. ते प्रयोगशाळेलाच सांगावे लागेल.

या शैवालाच्या काही जाती विषे तयार करतात; यकृतावर आघात करणारे मायक्रोसिस्टिन हे त्यांतील सर्वपरिचित विष. ब्राझीलमधील कारुआरू येथे १९९६ साली असे पाणी डायलिसिससाठी वापरले गेले आणि ५० हून अधिक रुग्ण दगावले. पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआर हा त्याचा प्रकार दीर्घकाळ लिटरमागे १ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आयएस १०५०० या आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात विष निर्माण करणारे जीव पाण्यात नसावेत असे म्हटले आहे, परंतु या विषासाठी आकडा दिलेला नाही; आणि जिथे आकडा नाही तिथे तपासणीही होत नाही, हा सरकारी कामाचा जुना अनुभव आहे.

शुद्धीकरणात खरी मेख क्रमाची आहे. शैवालाच्या पेशी अखंड असताना तुरटीने गोळा करून गाळल्या, तर बहुतांश विष त्यांच्याबरोबरच निघून जाते. मात्र कच्च्या पाण्यातच क्लोरीनचा मारा केला किंवा जलाशयात मोरचूद टाकले, तर पेशी फुटतात, विष पाण्यात विरघळते आणि वाळूच्या गाळणीतून सरळ पुढे जाते. विरघळलेल्या विषासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बनची भुकटी किंवा ओझोन लागतो. गाळणीनंतरचे क्लोरीनही, सामू (पीएच) ८ च्या खाली आणि पुरेसा संपर्ककाळ असल्यास, उपयोगी पडते. गाळण्या धुतलेले पाणी पुन्हा प्रक्रियेच्या तोंडाशी सोडणेही शैवालाच्या बहराच्या काळात थांबवावे.

‘पाणी उकळून प्या’ हा आपला ठरलेला सल्ला इथे उलटतो, कारण उकळल्याने हे विष नष्ट होत नाही, उलट पाणी आटून ते दाट होते. अमेरिकेतील टोलेडो शहराने ऑगस्ट २०१४ मध्ये चार लाखांहून अधिक नागरिकांना नळाचे पाणी पिऊ नका आणि उकळूही नका, असे बजावले होते. आपल्याकडे तशी वेळ आली तर सूचना कोणी आणि कोणत्या आकड्यावरून द्यायची?

म्हणून विनंती एवढीच, की फेब्रुवारी ते जून या काळात उजनीच्या कच्च्या आणि शुद्ध केलेल्या पाण्यातील मायक्रोसिस्टिन दर आठवड्याला मोजण्याचे आदेश द्यावेत, आणि साठ्याची टक्केवारी जाहीर होते त्याच ठिकाणी तो आकडाही जाहीर करावा.

आपला,
भीमाकाठचा एक नागरिक