जपानमधल्या पगारातून दुसऱ्या वर्षी काय वजा होते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जपानमधील नोकऱ्यांविषयीचा मजकूर अलीकडे आपल्या दैनिकात वरचेवर येतो. भाषेची कोणती पातळी लागते, व्हिसा कोणता, पगार किती, हे सगळे त्यात असते आणि पगाराचे येन रुपयांत करून मांडलेले असतात. मात्र त्या पगारातून पुढे काय काय वजा होते आणि मुख्य म्हणजे ते केव्हा होते, यावर क्वचितच कोणी लिहिते. टोकियोच्या एदोगावा विभागात, निशी-कासाई स्थानकाजवळच्या भारतीय वस्तीत राहणारा वाचक म्हणून त्याविषयी थोडे लिहितो.

पहिले वर्ष फसवे असते. मोठ्या विमानतळावर उतरताच रहिवासी कार्ड हातात पडते, घर ठरल्यावर चौदा दिवसांच्या आत विभाग कार्यालयात जाऊन त्यावर पत्ता नोंदवावा लागतो आणि त्या नोंदीनिशी तुम्ही तिथल्या करदात्यांच्या यादीत जाता. पगारातून प्राप्तिकर, आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतनाचा हप्ता लगेच कापला जातो; ‘जूमिनझेई’ म्हणजे रहिवासी कर तेवढा कुठे दिसत नाही. तो माफ झालेला नसतो. गेल्या जानेवारी ते डिसेंबरमधील उत्पन्नावर तो आकारला जातो, १ जानेवारीला तुमची नोंद जिथे असेल तिथली पालिका तो ठरवते आणि वसुली जूनपासून सुरू होते. दर करपात्र उत्पन्नाच्या साधारण १० टक्के. वर्षाला चाळीस लाख येन मिळवणाऱ्या एकट्या माणसाच्या पगारातून त्यापायी महिन्याला ढोबळमानाने चौदा-पंधरा हजार येन कमी होतात. एप्रिलमध्ये आलेल्याला दुसऱ्या वर्षी नऊच महिन्यांच्या कमाईवर कर बसतो, पूर्ण वर्षाचा भार तिसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये येतो. त्यामुळे पगारवाढ होऊनही हातात कमी का पडते, याचा उलगडा अनेकांना होत नाही.

नोकरी सुटली तर हा कर सुटत नाही. पालिकेकडून जाड पाकीट येते, त्यात जून, ऑगस्ट, ऑक्टोबर आणि जानेवारी अशा चार हप्त्यांच्या बारकोड छापलेल्या पावत्या असतात आणि त्या कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, म्हणजे किराणा दुकानात, दूध-पाव घेता घेता, भरता येतात. सोय उत्तम आहे. पण पाकिटावरचा मजकूर जपानीत असतो आणि ते न उघडता कपाटावर ठेवणारे आपले बांधव कमी नाहीत. थकबाकीवर विलंब आकार चढतो, शिवाय पुढे कायम वास्तव्याचा अर्ज करताना कर आणि विमा वेळेवर भरले होते का, हे तपासले जाते. खिडकीवरचे कर्मचारी अत्यंत नम्र असतात, मात्र न विचारलेले सहसा सांगत नाहीत. मार्चमध्ये देश सोडणाऱ्याकडूनही गेल्या वर्षाचा कर येणे असतोच. त्यासाठी निघण्यापूर्वी कर-प्रतिनिधी नेमावा लागतो.

निवृत्तिवेतनाचे गणित वेगळे आहे. भारत आणि जपान यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. भारतीय कंपनीने पाच वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी पाठवलेल्या कर्मचाऱ्याला भविष्य निर्वाह निधी संघटनेचे प्रमाणपत्र दाखवून तिथला हप्ता टाळता येतो. थेट जपानी कंपनीत रुजू झालेल्याला तो भरावाच लागतो. देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज केल्यास काही रक्कम एकरकमी परत मिळते. पण ती घेतली की तेवढा काळ निवृत्तिवेतनासाठी धरला जात नाही. जपानचे निवृत्तिवेतन मिळण्यासाठी किमान दहा वर्षे लागतात आणि या करारामुळे भारतातील सेवाकाळही त्यात जोडता येतो, म्हणून घाईने अर्ज करणे माझ्या मते बहुतेकांच्या तोट्याचे आहे.

घराविषयी एवढेच, की घरमालकाला द्यायचे ‘रेइकिन’ म्हणजे घर दिल्याबद्दलची भेट रक्कम परत मिळत नाही आणि भाड्याची हमी घेणाऱ्या कंपनीचे शुल्क वेगळे पडते. हा सगळा खर्च पहिल्या पगाराआधीचा असतो.

तेव्हा विनंती अशी, की यापुढे जपानमधील नोकरीची माहिती छापताना पगाराच्या आकड्याशेजारी पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीच्या जूननंतर हातात प्रत्यक्ष किती पडेल, असे तीन आकडे द्यावेत. उमेदवारांनीही प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वी कंपनीकडे हेच तीन आकडे लेखी मागावेत.

आपला,
एक वाचक
एदोगावा, टोकियो